सडा : रत्नागिरीच्या कातळावरची परिसंस्था

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठचे मळे आणि नारळी-पोफळीची आगरे ओलांडून चढ चढले की वर सपाट माथा लागतो. जांभ्या दगडाचा हा उघडा, दूरवर पसरलेला आणि मोठी झाडे जवळजवळ नसलेला माथा म्हणजे सडा. रत्नागिरी शहरालगतचे चंपक मैदान, विमानतळाचा परिसर, राजापूर तालुक्यातील बारसू आणि देवाचे गोठणे येथील माथे ही त्याची ओळखीची उदाहरणे. एप्रिलमध्ये सडा काळपट, तापलेला आणि निर्जीव दिसतो. ऑगस्टमध्ये त्याच कातळावर वीतभर उंचीच्या वनस्पतींचे ताटवे फुललेले असतात, डबक्यांत बेडकांची पिल्ले वळवळत असतात आणि गवतावर चतुर घिरट्या घालत असतात. सातबारावर अशी जमीन बहुधा पोटखराबा म्हणून, म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेली असते. प्रत्यक्षात ती एक पूर्ण परिसंस्था आहे.

'परिसंस्था' ही कल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्स्ली यांनी १९३५ साली मांडली. एखाद्या ठिकाणचे सजीव आणि तिथले दगड, माती, पाणी, हवा, ऊन हे निर्जीव घटक वेगळे काढून समजत नाहीत. ते एकमेकांना घडवतात आणि मिळून एक व्यवस्था बनते, असे त्यांचे म्हणणे होते. सड्यावर ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते, कारण इथे जवळपास प्रत्येक गोष्टीची टंचाई आहे. माती थोडी, अन्नद्रव्ये थोडी, ओलाव्याचे दिवस थोडे. या टंचाईमुळेच इथले जीव एकमेकांशी घट्ट बांधले गेले आहेत.

कातळ, पाऊस आणि ऊन

जांभा हा मूळचा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात त्याची दीर्घकाळ झीज झाली. पाण्याबरोबर सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. लोहामुळे दगडाला तांबडा रंग आला. जमिनीखाली असताना जांभा तुलनेने मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. हवा आणि ऊन लागले की तो टणक होतो. सड्याचा वरचा थर असाच कठीण कवचासारखा बनलेला असतो.

या कवचावर पाऊस पडतो तो वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे पावसाळ्यात सडा जवळजवळ दलदलीसारखा असतो आणि फेब्रुवारी ते मे वाळवंटासारखा. एकाच जागी वर्षात दोन टोकांची हवामाने सहन करणे ही इथे जगण्याची पहिली अट आहे. दुसरी अट अन्नद्रव्यांची. जांभ्यापासून बनलेली माती आम्लधर्मी असते, तिच्यात नत्र आणि स्फुरद कमी असते आणि जी थोडी माती तयार होते तीही मुसळधार पावसात वाहून जाते.

वरवर एकसारखा दिसणारा सडा जवळून पाहिला तर अनेक छोट्या अधिवासांचा बनलेला आढळतो. पूर्ण उघडा कातळ, बोटभर मातीचे थर, भेगा, सुटे दगड, उथळ डबकी, पावसाळी ओहळ आणि सखल भागातील गवताळ माळ असे हे अधिवास आहेत. काही हातांच्या अंतरावर मातीची खोली आणि ओलावा बदलतो आणि त्याबरोबर वनस्पती व प्राणीही बदलतात. म्हणूनच लहानशा सड्यावरही जातींची संख्या मोठी असते.

पहिले रहिवासी

उघड्या कातळावर प्रथम वस्ती करतात ती नील-हरित शैवाले आणि दगडफुले. उन्हाळ्यातला सड्याचा काळपट रंग बराचसा या शैवालांच्या वाळलेल्या थराचा असतो. पावसाचे पाणी मिळताच हा थर पुन्हा जिवंत होतो. नील-हरित शैवालांच्या कित्येक जाती हवेतील नत्र पकडून त्याचे वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात रूपांतर करतात. नत्र दुर्मीळ असलेल्या या जागी सगळ्या व्यवस्थेचा पाया तिथे घातला जातो.

दगडफूल हा एक जीव नसून बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे. बुरशी दगडाला धरून राहते आणि ओलावा टिकवते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. दोघांपैकी एकट्याला या कातळावर टिकणे कठीण. दोघांचाही फायदा होणाऱ्या अशा नात्याला सहजीवन म्हणतात. दगडफुलांतून पाझरणारी आम्ले दगड हळूहळू कुरतडतात, त्या बारीक भुग्यात मृत शैवाल मिसळते, त्यावर शेवाळे आणि मग गवत उगवते.

एका समूहाने जागा तयार करावी आणि त्या जागेवर दुसऱ्याने यावे, या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. पुरेशी माती असलेल्या ठिकाणी हे अनुक्रमण शेवटी जंगलापर्यंत पोहोचते. सड्यावर ते गवत आणि छोट्या वनस्पतींपाशी थांबते, कारण पाऊस माती साठू देत नाही आणि उन्हाळा खोल मुळे नसलेल्या रोपांना जगू देत नाही. झुडपे उगवतात ती भेगांमध्ये, जिथे माती अडकून राहते. करवंदाच्या जाळ्या अशाच ठिकाणी असतात. पक्षी, उदमांजरे आणि माणसे करवंदे खातात आणि बिया दूरवर पोहोचवतात.

सडा म्हणजे तोडल्या गेलेल्या जंगलाची उरलेली उजाड जागा, असा समज आढळतो. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पे त्याविरुद्ध भक्कम साक्ष देतात. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, बारसू आणि देवाचे गोठणे येथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे, पक्षी, मानवाकृती थेट कातळात कोरल्या. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली. ती कोरली गेली तेव्हा तिथे उघडा कातळ होता. म्हणजे या माथ्यांचा मोकळेपणा अलीकडचा नाही. त्याला जुळवून घेत जाती घडायला पुरेसा काळ मिळालेला आहे.

चार महिन्यांचे वेळापत्रक

सड्यावरच्या बहुतेक वनस्पतींना पूर्ण आयुष्य पावसाळ्यातच उरकावे लागते. सगळ्या एकाच वेळी वाढल्या तर जागा, प्रकाश आणि कीटक यांसाठी स्पर्धा टोकाला जाईल. प्रत्यक्षात त्यांच्यात वेळेची वाटणी झालेली आहे. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर कंद असलेल्या वनस्पती उगवतात, कारण त्यांनी मागच्या वर्षीचे अन्न जमिनीत साठवून ठेवलेले असते. पांढऱ्या फुलांची कोकण दिपकाडी त्यांत पहिल्यांपैकी एक. ती मुख्यतः कोकणातील सड्यांवरच सापडते. काळी मुसळी आणि कुळी याच सुमारास येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणथळ भागात गेंद फुलतो. त्याच्या पांढऱ्या बोंडांनी सखल भाग भरून जातात. गेंदाच्या एका जातीला रत्नागिरीवरूनच 'एरिओकॉलॉन रत्नागिरिकम' हे शास्त्रीय नाव मिळाले आहे. त्याच वेळी निळी-जांभळी सीतेची आसवे, तेरड्याच्या लहान जाती आणि निसुर्डी दिसू लागते. सप्टेंबरमध्ये पाणी ओसरते तसा पिवळा कवला फुलतो. ऑक्टोबरपर्यंत गवत तुऱ्यावर येऊन सोनेरी होते. वर्षायू वनस्पती बी टाकून मरतात. बहुवर्षायू वनस्पती कंदात परत जातात.

फुलांच्या या क्रमामुळे कीटकांना सलग अन्न मिळते आणि फुलांना परागण करणारे कीटक मिळतात. तुतारी नावाच्या वनस्पतीची लांब नळीची पांढरी फुले रात्री उमलतात आणि लांब सोंडेचे पतंग त्यांचे परागण करतात. कवल्यावर दिवसा मधमाश्या येतात.

नत्राची टंचाई आणि तिच्यावरचे उपाय

एकच अडचण वेगवेगळ्या जीवांनी किती वेगळ्या रीतीने सोडवली आहे, हे सड्यावर पाहण्यासारखे आहे. कवला हा शेंगवर्गीय. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र स्थिर करून त्याला देतात आणि बदल्यात वनस्पतीकडून शर्करा घेतात. कवला मेल्यावर त्याच्या मुळा-पानांतील नत्र मातीत उतरते आणि पुढच्या वर्षी शेजारच्या गवताला मिळते.

दवबिंदू आणि सीतेची आसवे यांनी दुसरा मार्ग धरला आहे. या वनस्पती हिरव्या आहेत, म्हणजे पिष्टमय अन्न स्वतः तयार करतात. त्यांना उणीव आहे नत्राची आणि स्फुरदाची. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. त्यांना चिकटलेल्या चिलटाचे पाचकरसांनी विघटन होते आणि त्यातील द्रव्ये पान शोषून घेते. सीतेच्या आसवांचे सापळे ओल्या मातीत आणि पाण्यात असतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून लहान या पिशव्यांतले पाणी वनस्पती बाहेर काढून टाकते, त्यामुळे आत पोकळी ताणली जाते. सूक्ष्म जीवाचा दारावरच्या केसाला धक्का लागला की दार उघडते आणि पाण्यासह तो जीव आत ओढला जातो. ही क्रिया एका मिलिसेकंदाहून कमी वेळात होते.

तिसरा मार्ग परजीवितेचा. तुतारी आणि गुलाबी फुलांची दुधाळी या वनस्पती पानांत अन्न तयार करतात, पण त्यांची मुळे शेजारच्या गवताच्या मुळांना जोडून पाणी आणि क्षार काढून घेतात. अशा वनस्पतींना अर्धपरजीवी म्हणतात. त्यांच्यामुळे गवताची वाढ काहीशी रोखली जाते आणि लहान फुलझाडांना जागा मोकळी राहते. एकाचे नुकसान करणारे हे नाते समूहाच्या दृष्टीने विविधता टिकवणारे ठरू शकते.

डबक्यांतले जग

सड्यावरच्या खळग्यांत साठणारे पाणी काही आठवडे ते काही महिने टिकते. या डबक्यांत मासे सहसा नसतात, आणि हाच त्यांचा मोठा गुण आहे. अंडी आणि पिल्ले खाणारे मासे नसल्यामुळे बेडकांना प्रजननासाठी ती सुरक्षित ठरतात. पहिल्या जोरदार पावसानंतर बेडूक इथे जमतात. त्यांची पिल्ले शैवाल खाऊन वाढतात. पाणी आटण्याआधी रूपांतर पूर्ण करणे भाग असते, त्यामुळे वाढ वेगाने होते.

याच पाण्यात कोळंबीच्या दूरच्या नात्यातले चिमुकले कवचधारी जीव असतात. त्यांची अंडी वाळलेल्या चिखलात उन्हाळाभर तग धरतात आणि पाऊस येताच फुटतात. डासांच्या अळ्यांना खाणारी चतुरांची पिल्लेही इथेच वाढतात. भारतीय उपखंडात पावसाबरोबर मोठ्या संख्येने येणारा पिवळसर भटका चतुर अशा तात्पुरत्या पाण्यांत अंडी घालतो. त्याची पिल्ले दीड-दोन महिन्यांत प्रौढ होतात. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले की हे चतुर पावसाळा संपल्यावर भारतातून मालदीवमार्गे हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. पुढील अभ्यासांनी त्यांच्या महासागर ओलांडण्याला पुष्टी दिली. सड्यावरच्या घोटाभर पाण्याचे नाते असे दुसऱ्या खंडापर्यंत पोहोचते.

दगडाखालची वस्ती

सुटा दगड हा सड्यावरचा सर्वांत मोलाचा निवारा आहे. त्याच्याखाली उन्हाळ्यात सावली आणि थोडा ओलावा टिकतो. लाल विंचू, गोमी, कोळी, पाली आणि फुरसे यांचा मुक्काम तिथेच असतो. पांढऱ्या पट्ट्यांची, जमिनीवर राहणारी 'हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस' ही पाल रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून मिळालेल्या नमुन्यांवरून १९६३ साली विज्ञानाला ज्ञात झाली. ती जांभ्याच्या माथ्यांवर सुट्या दगडांखाली राहते. पाय नसलेल्या देवगांडुळाची 'गेगेनिओफिस शेषाचारी' ही जातही डोर्ल्याहूनच २००३ साली नोंदली गेली. देवगांडूळ हा बेडकांच्या वर्गातला उभयचर प्राणी ओल्या मातीत राहतो आणि जमिनीतील लहान जीव खातो. जगात फार थोड्या जागी आढळणाऱ्या अशा जाती प्रदेशनिष्ठ म्हणून ओळखल्या जातात. त्यांची जागा गेली तर त्यांना दुसरीकडे जाता येत नाही.

फुरसे विषारी असल्याने माणसाला त्याची भीती वाटणे साहजिक आहे. परिसंस्थेत ते विंचू, गोमी, पाली, बेडूक आणि उंदीर खाते व त्यांची संख्या आटोक्यात ठेवते. त्याला सर्पगरुड आणि मुंगूस खातात. टिटवी मात्र लपण्यासाठी दगडाखाली जात नाही. ती उघड्यावर खड्यांच्या मध्ये अंडी घालते आणि अंड्यांचा रंगच त्यांना खड्यांत मिसळून टाकतो.

अन्नजाळे

हे सगळे जीव कोण कोणाला खाते या धाग्यांनी जोडलेले आहेत. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला धामण आणि धामणीला सर्पगरुड. ही एक अन्नसाखळी झाली. पण नाकतोड्याला पाल आणि चंडोलही खातात, बेडकाला बगळा आणि फुरसेही खाते. म्हणून प्रत्यक्षात साखळी नसून जाळे असते. एक धागा अशक्त झाला तर दुसरे काही काळ भार पेलतात. धागे कमी होत गेले की ही क्षमता संपते.

अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली दाखवले की अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा मोठा भाग श्वसन, हालचाल आणि उष्णता यांत खर्च होतो. पुढच्या पायरीवर साधारण एक-दशांशच पोहोचतो. या हिशेबाने १०,००० किलो गवतावर १,००० किलो नाकतोडे, त्यांवर १०० किलो बेडूक आणि त्यांवर १० किलो साप जगू शकतात. म्हणूनच शिकारी प्राणी नेहमी थोडे असतात, आणि गवत घटले की सर्वांत आधी तेच अडचणीत येतात.

ऊर्जा एकाच दिशेने वाहते. अन्नद्रव्ये मात्र परत फिरवावी लागतात. सड्यावर हे काम करणाऱ्यांत वाळवी प्रमुख आहे. वाळलेले गवत पचवणे अवघड असते. वाळवीच्या काही जाती ते वारुळात नेऊन त्यावर बुरशी वाढवतात; बुरशी गवत मऊ करते आणि वाळवी ते खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, कोकणात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी ही याच बुरशीची फळे होत. पहिल्या पावसात बाहेर पडणाऱ्या पंखवाल्या वाळव्या बेडूक, पाली आणि पक्षी यांना ऐन प्रजननाच्या काळात अन्न पुरवतात. गुरांचे शेण मातीत गाडणारे शेणकिडेही असेच विघटनाला हातभार लावतात. चरणाऱ्या गुरांच्या पायांशी उडणारे कीटक गायबगळे टिपतात. त्यात बगळ्याचा फायदा होतो आणि गुरांचे काही बिघडत नाही.

सडा आणि खालचे गाव

कोकणातले गाव बहुधा सड्याच्या पायथ्याशी वसते, त्यामागे पाणी आहे. पावसाचे पाणी जांभ्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून आत मुरते. जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो. तो पाणी आणखी खाली जाऊ देत नाही. अडलेले पाणी आडवे सरकत उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाडीची विहीर, पोफळीच्या आगराचा पाट आणि मळ्यातील ओलावा पुष्कळ ठिकाणी याच पाण्यावर अवलंबून असतो. सड्यावरची डबकी आणि गवत पाण्याचा वेग कमी करतात आणि मुरायला वेळ देतात.

पावसाळ्याच्या आरंभी सड्यावरून वाहणारे ओहळ नदीला मिळाले की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर येतात आणि उथळ पाण्यात, भातखाचरांत अंडी घालतात. तेच पाणी पुढे सेंद्रिय द्रव्ये घेऊन काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्यांतून खाड्यांत जाते. तिथल्या कांदळवनांत कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात. आंब्याच्या मोहोराचे परागण मुख्यतः माश्या आणि इतर कीटक करतात. मोहोर वर्षातून काही आठवडेच असतो; उरलेल्या काळात अशा कीटकांना रानफुलांचा आधार लागतो. सडा निरुपयोगी ठरवला तरी गावाचे जगणे त्याच्याशी असे जोडलेले राहते.

बदलते सडे

गेल्या काही दशकांत सड्यांचे रूप झपाट्याने बदलले आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजनेने कोकणात आंबा-काजूच्या बागांना मोठी चालना दिली. त्यातून अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळाले. पण सड्यावर बाग करताना सुरुंग लावून खड्डे घेतात, बाहेरून माती आणून भरतात आणि सुटे दगड गडग्यासाठी उचलतात. उघड्या कातळावर आणि उथळ मातीवर जगणाऱ्या जातींना त्यानंतर तिथे जागा उरत नाही. चिरेखाणी तर पाणी मुरवणारा थरच कापून नेतात. बांधकामे, रस्ते आणि दरवर्षीचे वणवे यांची त्यात भर पडते. वणव्यात गवताचे बी, पाली आणि वाळवी जळतातच, शिवाय मातीत परत जायला हवे ते सेंद्रिय द्रव्यही जाते.

सदिच्छेने केलेले वृक्षारोपणही सड्याचे नुकसान करू शकते. झाडांच्या सावलीत दवबिंदू, गेंद, दिपकाडी टिकत नाहीत आणि त्यांच्यावर जगणारे कीटकही जातात. झाडे लावायची ती उतारावर, वाडीत, ओढ्याकाठी लावावीत. सडा मोकळाच राहू द्यावा.

साताऱ्याजवळचे कास पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले आणि त्याला संरक्षण मिळाले. कोकणातील कमी उंचीचे सडे बहुतांशी खासगी मालकीचे आहेत आणि कोणत्याही अभयारण्यात मोडत नाहीत. अपर्णा वाटवे यांनी २०१३ साली उत्तर पश्चिम घाट आणि कोकणातील खडकाळ पठारांचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यांच्या संवर्धनासाठी शिफारशी केल्या. त्या दिशेने ग्रामपंचायतींना बरेच करता येईल. गावाच्या सड्यावरचे काही भाग, विशेषतः डबकी, पाणथळ खळगे आणि कातळशिल्पांचा परिसर, खाणी व बांधकामांपासून राखून ठेवता येतील. चराई आणि गवतकापणी बेताने चालू ठेवता येईल. वणवे रोखता येतील. महसुली दप्तरातली पोटखराब्याची नोंद ही नांगराच्या मापाने केलेली आहे. पाणी, गवत, कीटक आणि जगात अन्यत्र नसलेले जीव यांच्या मापाने पाहिले तर सडा ही रत्नागिरीच्या सर्वांत मौल्यवान जमिनींपैकी एक आहे, आणि तिची तशीच राखण व्हायला हवी.